पाण्याचा साहेब पाणी पीत नाही

पाण्याचे नमुने तपासून झाले, नोंद झाली, की ते ओतून द्यायचे असा आमच्याकडे नियम आहे. किश्शांसाठी तसा नियम कुणी केला नाही, त्यामुळे ते साचत गेले. जव्हारमधल्या पाणी तपासणीच्या एका छोट्या लॅबमध्ये मी बारा वर्षं टेक्निशियन आहे. दोन खोल्या, एक इनक्युबेटर, एक फ्रिज आणि एक जीप, एवढा आमचा संसार. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवरचं पाणी या दोन खोल्यांतून जातं आणि पाण्याबरोबर माणसंही येतात. बाटलीला झाकण लावता येतं. माणसांना नाही!

तर त्यातले गेल्या वर्षभरातले काही सांगते. हे सगळे किस्से एका पोटाभोवती फिरतात. पोट आमच्या साहेबांचं.

* * *

आमचे निकम साहेब केमिस्ट. मूळ नाशिकचे. बायको-मुलगी तिकडे, साहेब इकडे भाड्याच्या खोलीत. माणूस सरळ, अक्षर सुंदर, कामात चोख, आणि पोट कायम बिघडलेलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, "अल्सर आहे. पोटात जंतू आहेत. चौदा दिवसांचा कोर्स घ्या." साहेबांनी घेतला. जंतू गेले. वर्षभराने परत आले. पुन्हा कोर्स, पुन्हा गेले, पुन्हा आले! आता तिसरा कोर्स चालू होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "निकम, औषधं बदलून बदलून संपत आली. या वेळी परत आले तर अवघड आहे. जपा."

जपा म्हणजे तिखट बंद. आणि साहेबांचा जीव ठेच्यात! नागलीची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, यासाठी त्यांनी दोनदा बदली नाकारली होती असं लोक म्हणतात. आता दुपारी आम्ही डबे उघडले की साहेब दूधभाताचा वाडगा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला फार वाईट वाटायचं. म्हणून मी ठेचा त्यांच्या पाठीमागे खायची.

पाण्याच्या बाबतीत तर विचारू नका. लॅबमध्ये त्यांची वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायचं, झाकून थंड करायचं, आणि मग पुन्हा उकळायचं.

मी एकदा विचारलं, "साहेब, दुसऱ्यांदा कशाला?"

"थंड होताना हवेतून काही पडलं असेल तर?"

"मग दुसऱ्यांदा थंड होताना?"

साहेबांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी तीनदा उकळायला लागले. यात चूक माझी आहे, मी मान्य करते!

* * *

अशात पुण्याहून ऋता आली. पीएचडी करणारी मुलगी. चष्मा, पाठीवर सॅक आणि हातात निळा आइसबॉक्स. आमच्या भागातल्या विहिरींच्या पाण्यावर तिला काम करायचं होतं आणि आमच्या लॅबचा एक कोपरा हवा होता. साहेबांनी हौसेने कोपरा दिला, खुर्ची दिली आणि विचारलं, "विषय काय तुझा?"

"पोटातले जंतू, सर. अल्सर करणारे."

साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

ऋताने समजावलं. हे जंतू पोटात असतात तेव्हा मळसूत्रासारखे वळलेले असतात. पण थंड पाण्यात पडले, खायला काही मिळालं नाही, की आकसून गोळा होतात आणि निपचित पडतात. आपण त्यांना काचेच्या ताटलीत खायला घालून वाढवायला गेलो तर वाढत नाहीत. ताटली कोरी. म्हणजे आपल्याला वाटतं, पाण्यात काही नाहीच! पण ते मेलेले असतीलच असं नाही. नुसते झोपलेले असू शकतात.

"आणि असं पाणी प्यायलं तर?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"तोच तर प्रश्न आहे, सर. पोटात गेल्यावर ते जागे होतात का? उंदरांवर बघायचं तर आधी पाजायचं आणि मग वाट बघायची. कुणी म्हणतं होतात, कुणी म्हणतं नाही. माणसाचं नक्की अजून कुणालाच माहीत नाही."

"पण मी तर आजवर इतक्या पाण्यावर 'पिण्यास योग्य' लिहिलं!"

"तुमची तपासणी या जंतूंसाठी नसतेच, सर. ती वेगळ्या जंतूंसाठी असते."

साहेब म्हणाले, "हे सांगायला तू एवढी पुण्याहून आलीस?"

दारात आमचा ड्रायव्हर सोमा उभा होता. मोखाड्याकडचा. बरीच वर्षं भिवंडीला टेम्पो चालवून आलेला, त्यामुळे कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असतं. तो म्हणाला, "यात रिसर्च काय करायचा, मॅडम? आपला मेव्हणा सेम असाच हाय. लावणीला बोलवा, निपचित. हलवला तरी हलत नाय. जेवायला बोलवा, एकदम जागा!"

ऋताने हे वहीत लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं.

* * *

साहेबांच्या डोक्यात आता एकच विचार. आपले जंतू परत येतात ते पाण्यातूनच. त्यांनी ऋताला तसं विचारलं.

ती म्हणाली, "सांगता येत नाही, सर. बहुतेक वेळा हे घरातल्या घरात लागतात असं मानतात. न धुतलेले हात, उष्टं-खरकटं, एकमेकांच्या तोंडचं खाणं. पाण्याचा वाटा किती, हेच शोधतेय मी."

साहेबांनी लगेच फोन काढला. लॅबमध्येच, आमच्या सगळ्यांसमोर! माणूस शास्त्रीय वृत्तीचा, लाज वगैरे मधे येत नाही. वहिनींचा आवाज तसाही खणखणीत, त्यामुळे स्पीकर लावायची गरज पडली नाही.

"अगं, ऐक. तू माझ्या ताटातलं खाल्लंयस का इतक्यात? किंवा मी तुझ्या?"

"काय झालं काय तुम्हाला?"

"शास्त्रीय प्रश्न आहे. घरातल्या माणसाच्या उष्ट्यातून जंतू लागतात म्हणे."

"अहो, तुम्ही जव्हारला, मी नाशकात. महिन्यातून दोनदा येता आणि दूधभाताच्या वाडग्यात तोंड घालून बसता. माझं उष्टं काय तुम्हाला पोस्टाने येतं का?"

साहेबांनी फोन ठेवला आणि गंभीरपणे ऋताला म्हणाले, "घर वगळायला हरकत नाही."

* * *

ऋताचं काम तसं कठीणच. आठवडेच्या आठवडे ताटल्या उघडायच्या आणि त्यात काही नाही हे बघायचं. दुसऱ्या एका मशीनवर जंतूंची खूण सापडायची, पण ते जिवंत आहेत की मेलेले, हे ते मशीन सांगायचं नाही. पोरगी रडकुंडीला यायची. संध्याकाळी वडिलांचा फोन यायचा.

"काही दिसलं का गं?"

"नाही बाबा."

"मग बरंय की!"

"बरं काय बाबा! दिसत नाही म्हणूनच ते असू शकतं ना!"

शेवटी वडील म्हणाले, "बाळा, तू चार दिवस घरी ये."

* * *

पोशेऱ्याच्या अलीकडे एक पाडा आहे. नाव सांगत नाही, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं आणि त्या लोकांना मला तोंड दाखवायचं आहे. त्या पाड्याची विहीर चांगली. बांधलेली, कठडा असलेली, वेळच्या वेळी ब्लिचिंग पावडर टाकलेली. पावडर टाकायचं आणि नमुना आणायचं काम देवजीचं. देवजी म्हणजे तिथला जलसुरक्षक. हुशार, प्रामाणिक, आणि एकदा सांगितलेलं कधी न विसरणारा.

ऋताने त्याला फोनवर नीट सांगितलं. बाटली आतून धुवायची नाही. तोंडाला बोट लावायचं नाही. वरचा कागद शेवटपर्यंत काढायचा नाही. "आणि देवजीभाऊ, हा नमुना फार महत्त्वाचा आहे. साहेब स्वतः बघणार आहेत."

नमुना आला. कागद जागेवर, लेबल जागेवर. ऋताने तपासायला घेतला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. पोटातले जंतू सोडा, साधे मातीतले, कुठल्याही पाण्यात निघणारे जंतूसुद्धा नाहीत! तिने वर-खाली, उलटसुलट सगळं करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती धावत साहेबांकडे आली.

"सर, असं पाणी मी आयुष्यात पाहिलं नाही. इतकं शुद्ध! त्या विहिरीत काहीतरी वेगळं आहे!"

साहेब उठून उभे राहिले. सोमाला जीप काढायला सांगितली. खडबडीत रस्त्याने तासभर हाडं मोजत आम्ही पाड्यावर पोचलो. देवजीला विहिरीपाशी उभं केलं.

"देवजी, हे पाणी तू कुठून घेतलंस? नीट आठवून सांग."

"हितलंच. या विहिरीतलं."

"आणि मग?"

"मग घरी नेलं, चुलीवर ठेवलं, चांगलं खळखळ उकळलं, आन् बाटलीत भरलं."

ऋता कठड्यावर बसली.

"अरे, उकळलंस कशाला?" मी ओरडले.

देवजीला माझा राग कळेना. तो म्हणाला, "बाय, सायबाला जायचं होतं ना पानी? सायब उकळल्याबिगर घेत नाय. सगल्या पाड्याला ठावं हाय!"

* * *

त्याच दिवशी, आलोच आहोत तर बायकांची मीटिंग घेऊ, असं मी म्हटलं. विषय, पाणी उकळून प्या. बायका जमल्या. पुढे बसली बुधीबाय. वय झालेली, पण पाठ ताठ. पाड्यावर काही करायचं तर आधी तिच्या गळी उतरवावं लागतं. ती "हां" म्हणाली की सगळा पाडा हां.

मी बोलायला लागले आणि दुसऱ्याच मिनिटाला तिने हात वर केला.

"पंचायतीत कागद लावलाय, पानी पियाला चांगलं हाय. तुमीच दिलाय ना?"

"हो."

"आन् तूच म्हनतेस, उकळून प्या. मंग कागद खरा का तू खरी?"

बारा वर्षांत मला हे कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी ऋताकडे पाहिलं. ऋता पुढे झाली आणि तिने झोपलेल्या जंतूंचं सगळं सांगितलं. ताटली, गोळा होणं, पोटात जागं होणं किंवा न होणं. शब्द अवघड होत चालले तशा बायका पदर सारखा करायला लागल्या. मला वाटलं, झालं, सगळं पाण्यात गेलं.

बुधीबाय मात्र ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे नागलीच्या बीयासारखं."

"कसं?"

"कणगीत बी पडून ऱ्हातं. मेलंय का झोपलंय, बघून कळतं का? नाय. पेरावंच लागतं. आन् तुमच्या ताटलीत पेरलं, उगवलं नाय, म्हनून काय बी मेलं? तुमची ताटलीच बाद आसंल! दुसऱ्या मातीत पेरा, उगवंल बी."

जीपमध्ये बसल्यावर ऋता म्हणाली, "ताई, हे एवढं माझ्या गाइडना पटवायला मला दोन सेमिनार द्यावे लागले होते."

पण मीटिंगचं फळ काय? शून्य! कारण शेवटी बुधीबाय असंही म्हणाली, "लाकूड आनायला डोंगर चढावा लागतो. भात शिजवू का पानी?"

निघताना तिने रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी साहेबांपुढे केलं. साहेब नेहमीसारखे हात जोडून गोड हसले. "आत्ताच प्यायलो, बाई."

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. आम्ही कुणी ठेवलं नाही.

* * *

मधे एक गंमत सांगते, मग पुढचं.

एका रविवारी साहेब सोमाला घेऊन शिरपामाळला गेले, मोकळी हवा खायला. तिथे मुंबईची मंडळी आलेली. डोंगर बघितला, फोटो काढले, आणि एक जण खालच्या ओहळात बाटली बुडवून म्हणाला, "प्युअर मिनरल वॉटर आहे हे! शहरात कुठे मिळणार!"

साहेबांना राहवलं नाही. ते पुढे झाले. आधी ओळख करून दिली, मग ओहळाची ओळख करून दिली. मग झोपलेले जंतू. मग स्वतःचा अल्सर, पहिल्या कोर्सपासून. दुर्बीण कशी घालतात ते हातवारे करून दाखवलं. बायकांनी मुलांना जवळ ओढून घेतलं. त्या माणसाने बाटली हळूच ओतली आणि सगळी मंडळी समोरच्या टपरीवर गेली. टपरीवाल्याच्या सीलबंद बाटल्या बघता बघता संपल्या. कित्येक आठवडे पडून होत्या म्हणे.

सोमवारी सकाळी टपरीवाला लॅबच्या दारात हजर. हातात चिक्कीचा पुडा.

"साहेब, येत्या रविवारी मोकळे आहात का? काही करायचं नाही. नुसतं उभं राहून बोलायचं!"

* * *

आता पुढचं. एका सकाळी देवजीचा फोन आला. आवाज पडलेला.

"बाय, पाड्यावरची दोन पोरं मोखाड्याला अॅडमिट हायत. हगवन. सलाइन लावलंय."

मी म्हटलं, "विहिरीत पावडर टाकलीस ना?"

"टाकली ना. पन विहिरीवर कोनी जातच नाय आता. खालच्या ओहळाच्या खड्ड्यातलं पानी आनतात."

मला काही कळेना. चांगली विहीर सोडून लोक गुरांच्या खुरांनी गढूळ झालेल्या खड्ड्यावर का जातील? देवजी बराच वेळ आढेवेढे घेत होता. शेवटी बोलला.

"बुधीबायनं सांगितलं सगल्यांना. पान्याचा सायब तीनदा आला. तीनदा पानी दिलं. तीनदा बोल्ला, आत्ताच पियालो. बाय, तो पाड्यावर आल्यापास्नं मी त्याच्यासंगं होतो, तो कवाच पियाला नाय! मंग त्याला कायतरी ठावं हाय ना, जे कागदावर नाय?"

पाणी चांगलं असल्याच्या आमच्या हिरव्या कार्डाला, माझ्या भाषणांना, ऋताच्या मशीनला पाड्याने कधी विचारलं नव्हतं. ते साहेबांच्या गळ्याकडे बघत होते. पाणी उतरतंय का, एवढंच. आणि त्यांचं काय चुकलं? मीसुद्धा तेच बघितलं असतं.

साहेब नाशिकला गेले होते. तिसरा कोर्स संपून बरेच दिवस झाले होते आणि जंतू उरलेत का, ते बघायची शेवटची तपासणी होती. पिशवीत फुंकर मारायची असते म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले ते जवळजवळ नाचतच. शर्टाच्या खिशातून कागद काढून त्यांनी आधी मला दाखवला, मग ऋताला, मग सोमाला, मग कॅलेंडर द्यायला आलेल्या माणसाला.

"निगेटिव्ह! एकही नाही! डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू सगळं खा. फक्त पाणी जपा, पुन्हा लागण झाली तर मला तोंड दाखवू नका."

मी त्यांना बसवलं आणि दोन्ही मुलांचं सांगितलं. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. मला रागही आला होता आणि त्यांची दयाही येत होती. साहेबांनी कागदाची घडी घातली. उलगडली. परत घातली.

"मुलं कशी आहेत?"

"आता बरी आहेत. उद्या सोडतील. पण पाडा अजून खड्ड्यावरच जातोय."

"सोमाला सांग, सकाळी जीप काढ म्हणावं," साहेब म्हणाले.

* * *

सकाळी विहिरीपाशी सगळा पाडा जमला होता. देवजीने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. बायका हंडे घेऊन आल्या होत्या, पण हंडे रिकामे, आणि तोंडं ओहळाच्या बाजूला वळलेली. साहेबांनी भाषण सुरू केलं. पावडर किती टाकतात, किती वेळाने पाणी वापरतात, हिरवं कार्ड म्हणजे काय. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. अशी शांतता मला माहीत आहे. तिचा अर्थ, संपलं की सांगा.

साहेब थांबले. बुधीबाय उठली, विहिरीतून पाणी शेंदलं, तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

साहेबांच्या तोंडातून सवयीने "आत्ताच..." एवढं निघालं, आणि त्यांनी जीभ चावली.

त्यांनी ऋताकडे पाहिलं. ऋता हळूच म्हणाली, "सर, पावडर टाकलेलं पाणी आहे. शक्यता अगदी कमी आहे."

"कमी म्हणजे शून्य?"

ती खोटं बोलली असती तर मी तिला कधीच काही म्हटलं नसतं. पण ती पोर मान खाली घालून म्हणाली, "शून्य असं कुणालाच सांगता येणार नाही, सर."

साहेबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. कागद तिथेच होता. तीन कोर्स, एवढे दूधभात, मी त्यांच्या पाठीमागे खाल्लेला ठेचा, सगळं त्या एका घडीत. मला वाटलं, सांगावं, साहेब, राहू द्या, मी पिते. पण माझ्या पिण्याला काय किंमत? मी बारा वर्षं पितेच आहे.

साहेबांनी तांब्या घेतला. त्यांनी डोळे घट्ट मिटले, भुवया जुळवल्या, नाक आक्रसलं आणि एरंडेल घेणाऱ्या पोरासारखं तोंड करून तांब्या ओठाला लावला. देवजी पुटपुटत घोट मोजत होता. एक. दोन. तीन. मला वाटलं, तीनवर थांबतील. थांबले नाहीत. अर्धा तांब्या ठेवला तर अपमान होतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं होतं. सगळा तांब्या संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि उघडले तेव्हा ते पाण्याने भरलेले होते.

"गोड आहे," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

बुधीबायने तांब्या घेतला, उपडा करून बघितला. एक थेंब पडला. मग तिने आपला हंडा कठड्यावर ठेवला आणि मागे वळून ओरडली, "भरा गं!"

बायकांची झुंबड उडाली. रहाट करकरायला लागला. देवजी उगाचच सगळ्यांना रांग लावत होता. साहेब कठड्याला धरून उभे होते. आजवर कामावर मला कुणाचा इतका अभिमान वाटला नव्हता.

बुधीबायने भरलेला हंडा डोक्यावर घेतला, आमच्या शेजारून पाच-सहा पावलं पुढे गेली आणि मागून येणाऱ्या बायकांना, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"पानी चांगलं हाय, सायब पुरा तांब्या पियाला. पन पिताना त्याचं थोबाड पाह्यलंत ना? घरी न्या, उकळा, मंगच प्या!"